चार दातांचा फरक

माझ्या बायकोच्या चपला स्वच्छ होत्या, तिथून हे सगळं सुरू झालं.

ती घाटंजीपासून बऱ्याच आडबाजूला असलेल्या एका गावात नर्स होती. सरकारी उपकेंद्र, त्याला चिकटून एका खोलीचं क्वार्टर, आणि आसपासचे कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, तिच्याकडे. एसटी फक्त फाट्यापर्यंत जायची. फाट्यापासून गाव सहा किलोमीटर, आणि ते सहा किलोमीटर म्हणजे निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात त्या मातीच्या भेगेत मनगटापर्यंत हात जायचा आणि पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा रुतून बसायची. माझी स्वतःची जीप होती, प्रवासी वाहतुकीची. कोरड्या दिवसांत मीच बायकोला दारापासून दारापर्यंत नेऊन सोडायचो. पावसाळ्यात मात्र ती सोमवारी जायची ती शनिवारीच परत यायची. फाट्यापर्यंत पायी, पुढे एसटी.

त्या शनिवारी चार दिवसांची पावसाची झड लागून गेली होती. मी दारात चहा पीत बसलो होतो. ती आली, पिशवी ठेवली, चपला काढल्या. माझी नजर चपलांवर गेली. दुकानातून आत्ताच आणल्यासारख्या. पट्ट्याला डाग नाही, तळाला चिखल नाही.

"कशी आली?" मी विचारलं.

"पायी. मंग एसटीनं."

"चपला लय स्वच्छ दिसून राह्यल्या तुह्या. कोण सोडून गेलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि भाजी चिरायला घेतली. उत्तर दिलं नाही. ज्याच्यापाशी उत्तर नसतं तोच गप्प बसतो, असं माझं तेव्हाचं शहाणपण होतं.

काळच तसा होता, असं म्हणून मी माझं पाप काळाच्या गळ्यात बांधत नाही. पण काळ तसा होता खरा. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. बैठकीच्या खोल्यांत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, त्याच्या खाजेनं अख्खं घर अंग खाजवतंय, आणि पाहुणा आला की त्याला ओट्यावर बसवायचं. बियाण्याची थैली हातात घेतली की माणूस ती चारदा उलटीपालटी करून बघायचा. काट्यावर शंका, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरवर शंका, फवारून अळी मेली नाही तर औषधावर शंका. बाजारात दोन माणसं हळू आवाजात बोलताना दिसली की तिसरा थांबून कान द्यायचा. माझ्या जीपला सवाऱ्या मिळेनात, कारण बाजाराला जाऊन करायचं काय? दिवसभर मी स्टँडवर बसून असायचो. रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात, आणि माझ्या घरी तर सैतान भाडं न देता राहत होता.

त्या सहा किलोमीटरवर भर पावसात जाणारी एकच गाडी मला ठाऊक होती. पुलाचं काम घेतलेल्या ठेकेदाराची जीप. फोर व्हील. आमच्या जीपला ताकद मागच्या दोन चाकांत. पुढची दोन नुसती सोबतीला. चिखलात मागची चाकं गरगर फिरून खड्डा खणतात आणि पुढची तोंड बघत बसतात. फोर व्हीलमध्ये पुढची चाकंही ओढतात. ठेकेदाराचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या टायरच्या खुणा फाट्यावर पाहिल्या होत्या, आणि मला तेवढं पुरलं. आठवडाभर मनात पाल चुकचुकत राहिली. मग मी ठरवलं, आपल्याही जीपला चारही चाकं जोडायची. सांगायचं प्रवाशांसाठी, पण जायचं एखाद्या बुधवारी, न सांगता.

गॅरेजमध्ये काम दिलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून घरच्या अंगणातच करायचं ठरलं. मिस्त्री म्हणून मी एका म्हाताऱ्या चाचांना बोलावलं. त्यांचं बसस्टँडमागे पत्र्याचं दुकान होतं, आणि जीप सोडून त्यांनी दुसऱ्या गाडीला कधी हात लावला नव्हता. पुढची हौसिंग, म्हणजे दोन चाकांमधला तो दांडा ज्याच्या पोटात दातेरी चक्रं असतात, ती मी स्वतः यवतमाळच्या भंगारातून आणली. चाचांना सोबत नेलं नाही. त्यांचं आणि भंगारवाल्याचं साटंलोटं असेल तर?

निंबाच्या जाड फांदीला साखळीची पुली बांधून आम्ही गिअरबॉक्स वर उचलला. त्याच्यामागे आणखी एक लोखंडी पेटी बसवायची होती, जी ताकद मागे-पुढे वाटून देते. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट कापून आखूड करावा लागला. फोर टाकायच्या-काढायच्या नवीन दांडक्यांसाठी फ्लोअरचा पत्रा कापला. चाचा तोंडात बिडी ठेवून, ती न पेटवता, तासन् तास गाडीखाली पडून असायचे. सगळे नटबोल्ट घासलेटमध्ये धुऊन ते एका परातीत ठेवायचे, आणि ते घरी गेले की मी परात मोजायचो. एकदा एक बोल्ट कमी भरला. मी सकाळी तोंड वाकडं करून तसं म्हणालो. चाचांनी वाकून परातीखालून बोल्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

पहिल्याच शनिवारी बायको आली तेव्हा जीप लाकडी ठोकळ्यांवर होती, चाकं भिंतीला टेकलेली.

"हे कायले?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यात तुले आणाले-पोचवाले."

"शनिवारी आन् सोमवारी?"

"कोण्याबी दिवशी."

"कोण्याबी दिवशी," ती म्हणाली. एवढंच. मग तिनं चाचांसाठी जास्त साखरेचा चहा केला आणि माझ्यासाठी नेहमीचा.

पुढची हौसिंग बसवायच्या आदल्या दिवशी चाचांनी मला खडू आणायला सांगितलं. झाकण उघडून त्यांनी मोठ्या चक्राच्या एका दातावर खडूची खूण केली आणि हातानं चक्र फिरवत दात मोजले. त्रेचाळीस. त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राचे आठ. मग मागच्या, गाडीच्या मूळ हौसिंगचे मोजले. मोठ्याचे एकोणचाळीस, लहानाचे आठ.

"जमत नाही, भाऊ," चाचा म्हणाले. "पुढचं आठ-त्रेचाळीस, मांगचं आठ-एकोणचाळीस. पुढचे चाकं कमी फिरतीन, मांगचे जादा. एकच गाडी, दोन चाली. पुढची जोडी बदला लागते."

जोडी म्हणजे ही लहान-मोठी दोन चक्रं. ती कधी सुटी विकत नाहीत. वर्षानुवर्षं एकमेकांत फिरून त्यांचे दात एकमेकांच्या मापानं झिजलेले असतात. एक बदलायचं तर दोन्ही बदलतात.

"मले मोजू द्या," मी म्हणालो. मी तीनदा मोजले. त्रेचाळीस आणि एकोणचाळीसच भरले.

"मंग जोडी कुठं भेटन?"

"आहे माह्यापाशी एक. आठ-एकोणचाळीसची. दुकानात, बारदान्यात बांधून ठेवली आहे."

झालं! नेमकी यांच्याच दुकानात कशी? महिनाभर मी ज्या लबाडीची वाट बघत होतो ती शेवटी बारदान्यातून बाहेर आली, असं मला वाटलं. मला तर समाधानच झालं. कावीळ झालेल्या माणसाला एखादी वस्तू खरोखरच पिवळी सापडावी, तसं.

"चार दातांनी काय होते?" मी म्हणालो. "आहे तशीच बसवा."

चाचांनी बिडी कानावर ठेवली. "गाडी तुमची आहे. पण एक आयका. चिखलात चाललं, तेथी चाक घसरते, फरक पचून जाते. डांबरावर फोर नोका ठेवू. फरकाचा ताण शाफ्टात भरत जाते. दांडकंबी मंग निघत नाही. तवा जोर नोका लावू. दोन हात मांगं घ्या. ताण सुटते, दांडकं निघते."

ही मला कामात राहिलेल्या चुकीची आधीच केलेली सारवासारव वाटली. मी मान हलवली आणि विसरून गेलो.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात पुन्हा झड लागली. बुधवारी सकाळी मी निघालो. वाटेत जंगलाच्या नाक्यावर गार्डनं मागची ताडपत्री उचलून पाहिली. पुढची हौसिंग पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. "फोर व्हील बनवली? सागवान आणाले?" मी चिडलो. काही कारण नसताना माणूस दुसऱ्यावर असा संशय घेतोच कसा, असं मी खरोखर मनात म्हणालो!

फाट्यावर डांबर संपलं तिथं मी फोरचं दांडकं ओढलं. आणि खोटं कशाला बोलू, जीप अशी चालली की मला हसू फुटलं. पुढची चाकं चिखल चावत होती, मागची ढकलत होती. नाल्यातून पाणी उडवत ती वर चढली. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी, ओली, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी ठेकेदाराच्या टायरच्या खुणा शोधत होतो. खुणा कुठंच नव्हत्या. पावसानं धुऊन नेल्या असतील, असं मी स्वतःला समजावलं.

क्वार्टरला कुलूप होतं. पायरीवर तिच्या चपला होत्या, एकीशेजारी एक, स्वच्छ.

बाई नाही, चपला आहेत. पायी जाणारी बाई चपला मागे ठेवते का? गाडीत बसून जाणाऱ्यालाच चपलांची गरज नाही. हा हिशोब मी तिथं भर पावसात उभं राहून केला आणि मला तो बिनचूक वाटला.

शेजारच्या घरातून एक म्हातारी डोकावली. "सिस्टरबाई पोडावर गेली. एक बाई अडली आहे."

"कोणाच्या गाडीनं गेली?"

"गाडीनं?" म्हातारी हसली. "पायानं गेली, बाप्पा."

"मंग चपला इथं कशा?"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. "या मातीत चपला घालून कोन चालते? पट्टा तुटते, चपल खालीच राह्यते. घरी ठेवा लागते, नाही तं हातात घ्या लागते. फाट्यावर हापशी आहे. तेथी पाय धुवाचे, चपल घालाची, मंग एसटीत बसाचं. अख्खं गाव असंच करते." मग तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं. नुसतं जीपमधून उतरून दारापर्यंत येताना त्यांच्यावर चार-चार बोटं माती चढली होती. "तुमी घाटंजीचे दिसता," ती म्हणाली.

दहा वर्षं मी त्या रस्त्यावर जीप चालवली होती. पावसाळ्यात मी त्याच्यावर एकदाही पाय ठेवला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारा मी, आणि म्हणे रस्ता मला पाठ! मला लाज वाटली. ती साधी लाज नव्हती, कानापर्यंत गरम करणारी होती.

मी जीप पोडाच्या वाटेला घातली. अर्ध्या वाटेत समोरून चार माणसं बाज खांद्यावर घेऊन येताना दिसली. बाजेवर एक बाई, तिच्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक. बाजेच्या बाजूनं माझी बायको एका हातानं ते प्लास्टिक धरून चालत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत काळे. तिनं जीप पाहिली, मला पाहिलं. आश्चर्य नाही, आनंद नाही.

"मांगचं फळकं उघडा," ती म्हणाली.

बाईला आत निजवलं. बायको तिच्याशेजारी बसली. परतीचे सगळे किलोमीटर जीपनं कुरकुर न करता काढले. मला वाटलं, चला, एक गोष्ट तरी मी बरोबर केली.

फाट्यावर चाकं डांबराला लागली आणि मी दांडकं काढायला विसरलो. मागून ती बाई कण्हत होती, माझं सगळं लक्ष कानात होतं. थोडं पुढं गेल्यावर जीप जड झाली. कोणी पुढून बंपर धरून ठेवल्यासारखी. ॲक्सिलरेटर दाबला तशी फ्लोअरखालून कटकट ऐकू येऊ लागली. तेव्हा मला आठवलं. दांडकं ओढलं, ते हलेना. दोन्ही हातांनी ओढलं तरी हलेना. मी आणखी दाबलं आणि जळकट वास आला.

"काय झालं?" मागून बायको.

"काही नाही."

"काही नाही असं नोका सांगू. तासभराच्या आत दवाखान्यात पोचली नाही तं ही बाई वाचत नाही. काय झालं?"

"फोर अडकला. चाचा म्हणले होते अडकला तं मांगं घ्या म्हणून. पण आता कुठं मांगं..."

"चाचा म्हणले होते ना? मंग घ्या मांगं."

महिनाभर मी ज्या माणसाच्या पाठीमागे बोल्ट मोजले, त्याच्यावर तिनं एका वाक्यात विश्वास टाकला. मी जीप रिव्हर्सला टाकली. एक हात, दोन हात. फ्लोअरखाली खट् असा आवाज झाला, आणि दांडकं आपसूक माझ्या हाताशी आलं. पुढं जीप मागच्या दोन चाकांवर निमूट धावली.

दवाखान्यात मुलगी झाली. बाई वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

बायको दवाखान्याच्या नळावर पाय धूत होती. मी जवळ गेलो. "मले वाटलं होतं का..."

"माहीत आहे मले तुमाले काय वाटलं होतं." तिनं वर पाहिलं नाही. "त्या दिवशी विचारलं असतं तं सांगतलं असतं. तुमी विचारलं नाही. तुमी धरलं. आन् हे गाडी मले आणाले नाही बनवली तुमी, मले पाहाले बनवली."

एक पाय धुऊन झाला होता. दुसरा तसाच ठेवून तिनं नळ बंद केला आणि स्टँडकडे चालू लागली. त्या दिवशी ती एसटीनं उपकेंद्रावर परत गेली.

पुढच्या शनिवारी ती घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. फाट्यावरच्या हापशीवर तिनं पाय धुतले नव्हते. चपला हातात, तशीच एसटीत बसली, तशीच घाटंजीच्या स्टँडवरून भर वस्तीतून चालत आली. दारात थांबली, एकेक पाय उचलून मला दाखवला आणि म्हणाली, "पाह्यून घ्या." मग फरशीवर काळी पावलं उमटवत स्वयंपाकघरात गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. शेजारणी विचारू लागल्या, सिस्टरबाईले काय झालं. ती पावलं मी पुसायचो. काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते, हे मला तेव्हा कळलं.

मी चाचांच्या दुकानात गेलो आणि बारदान्यातली ती जोडी मागितली. त्यांनी का, कसं, काहीच विचारलं नाही. अंगणात येऊन पुढची हौसिंग पुन्हा उघडली, जोडी बसवली आणि खडू माझ्यापुढे धरला.

"राहू द्या, चाचा. आता मले शक नाही."

"नाही भाऊ, मोजा," ते म्हणाले. "शक आला तं पुरा मोजाचा. तुमी अर्धाच मोजता, म्हणून तो राह्यून जाते."

मी मोजले. एकोणचाळीस भरले. मग चाचांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बिडी पेटवली.

त्यानंतरच्या शनिवारीही पाऊस होता. आता जीप थेट क्वार्टरच्या पायरीपर्यंत गेली असती, डांबरावर अडकलीही नसती. मी ती फाट्यावर हापशीशेजारी उभी केली. चपला काढून हातात घेतल्या आणि चालू लागलो. पहिल्याच पावलाला मातीनं पाय घोट्यापर्यंत गिळला आणि सोडायला तयार होईना. शंभर पावलांत मांड्या भरून आल्या. दोनदा मी हातांवर पडलो. हेच ती गेली कितीतरी वर्षं दर पावसाळ्यात चालत होती, खांद्याला औषधांची पेटी लावून, आणि घरी येऊन स्टोव्ह पेटवत होती. मला रडू आलं. आजूबाजूला पऱ्हाटीशिवाय कोणी नव्हतं, म्हणून मी ते येऊ दिलं.

नाल्याच्या अलीकडे ती समोरून येताना दिसली. तिच्याही चपला हातात. ती थांबली. माझ्या पायांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे, मातीनं भरलेल्या कोपरांकडे. मग माझ्या हाताकडे. पडतानाही मी चपला वर धरून ठेवल्या होत्या.

"चपला लय स्वच्छ दिसून राह्यल्या तुमच्या," ती म्हणाली. "कोण सोडून गेलं?"

ती पुढे झाली, मी तिच्यामागून चालत राहिलो. फाट्यावर तिनं हापशी मारली आणि मला आधी पाय धुवायला लावले. मग हापशीचा दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतःचे पाय पाण्याखाली धरले.